दुभाषी राव

“साहेबांनी हात उंचावला की तुमचाही आवाज चढला पाहिजे, रावजी,” दिल्लीहून पुढाऱ्याबरोबर आलेल्या तरुणानं हिंदीत बजावलं.

राममूर्तीराव नुसते हसले. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उत्तरेकडचा कुठल्याही पक्षाचा पुढारी चेन्नईत येवो, त्याचं हिंदी तमिळमध्ये सांगायला तंजावरी मराठी घरातले हे निवृत्त हिंदी मास्तर हवेतच. पुढाऱ्याची धमकी त्यांच्या तोंडून विनंती होऊन बाहेर पडे. पुढारी खूश, लोक खूश, रावही खूश. सकाळी वेलचेरीच्या घरातून निघताना बायको, त्रिपुरसुंदरी, म्हणालीच होती, “उगे वाद घालूं नका हो. ते म्हणतील तितकें सांगून घरीं या.”

आज सभा एन्नोरला होती, समुद्रकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत. नव्या वीज प्रकल्पासाठी वस्ती उठणार की राहणार, एवढंच लोकांना ऐकायचं होतं. होड्या काठाला ओढून सगळे येऊन बसले होते.

साहेब बोलले. आणि काय ते हिंदी, अहाहा! राष्ट्राचा यज्ञ आला, समिधा आल्या, पूर्वजांचं तेज आलं, नवा सूर्योदय आला. फक्त घरांचं नाव निघालं नाही. रावांनीही तोडीस तोड तमिळ घुमवलं. टाळ्या काही पडल्या नाहीत.

पुढच्या रांगेतून अंजलै नावाची मासेवाली उठली.

“अय्या,” तिनं रावांना आदरानं तमिळमध्ये हाक मारली, “तो यज्ञबिज्ञ राहू द्या. आमची घरं पाडणार का, ते विचारा त्यांना. आणि सांगा, आम्ही इथून हलणार नाही.”

तमिळचं अक्षर न कळलेल्या साहेबांनी हसऱ्या तोंडानं रावांकडे पाहिलं. “काय म्हणतात माताजी?”

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. वरचं खाली सांगायचं, एवढंच त्यांचं काम. खालचंही वर न्यायचं असतं, हे त्यांच्या स्वतःच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

“आशीर्वाद देतेय म्हणा,” तरुण मागून कुजबुजला.

म्हणायला काय जात होतं! गोड वाक्य जिभेवर तयारच होतं. पण अंजलै त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिला हिंदी येत नव्हतं. राव जे सांगतील तेच आपलं म्हणणं, असं ती धरून चालली होती. रावांना स्वतःचीच लाज वाटली.

“त्या विचारतात, आमची घरं पाडणार का?” माइकवर, स्वच्छ हिंदीत ते म्हणाले. “आणि म्हणतात, आम्ही इथून हलणार नाही.”

साहेबांचं हसू ओठांवरच राहिलं. सगळ्यांना हात जोडून ते व्यासपीठावरून उतरले आणि गाडीत बसले. कुणीतरी माइक बंद केला.

“संपलं तुमचं, रावजी,” तरुण दातओठ खात म्हणाला आणि गाड्यांमागे पळाला.

“सांगितलंत, अय्या?” अंजलैनं विचारलं.

“सांगितलं.”

“मग पुढचंही सांगा.”

ती बोलू लागली. नवऱ्याच्या होडीबद्दल, जुन्या वीजकेंद्राच्या राखेनं गढूळ झालेल्या खाडीबद्दल, पोरींच्या शाळेबद्दल. एक वाक्य झालं की ती थांबे. मग राव बंद माइकसमोर उभे राहून, साहेबांच्या रिकाम्या खुर्चीला ते हिंदीत सांगत.