गुळगुळीत कठडा

आमचे हे सुतार. लोकांचे दरवाजे बसवण्यात हयात गेली, पण आमच्या न्हाणीघराची कडी सहा वर्षं सुटलेलीच. मल्टिपल स्क्लेरोसिसने माझे पाय ऐकेनासे झाले, तेव्हा कुठे ह्यांचे हात घराला लागले. पलंगापासून संडासापर्यंत भिंतीला लाकडी कठडा बसवायला घेतला.

आंघोळ, वेणी, कपडे घालणं हे सगळं मी ह्यांच्या हवाली केलं होतं. संडासला मात्र एकटीनं जायचं, एवढा एकच हट्ट उरला होता.

चार दिवस कठडा घासला, वर तीन हात पॉलिश चढवलं. शेवटी त्यावर गाल फिरवून बघितला. माझ्या गालाचे एवढे लाड कधी केले नाहीत, असं मी म्हणाले, तर लाजले.

तिसऱ्या दिवशी मी पडले. माझी बोटं बधिर. लाकूड हातात आहे की सुटलंय, हे बघितल्याशिवाय कळत नाही. त्यात ती चकाकी. हात सरकला आणि मी फरशीवर आपटले. हे जेवायला घरी येईपर्यंत तशीच पडून होते, ओल्या कपड्यांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुळगुळीतपणा हीच ह्यांची जन्माची कमाई, आणि तिनेच घात केला. ह्यांनी कानस घेतली आणि सगळं पॉलिश खरवडून लाकूड चांगलं खरखरीत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी गेले आणि एकटी परत आले. हात कुठे सरकला नाही. पलंगावर बसून ऐटीत विचारलं, "बघितलंत?"

हे कठड्याकडे बघत होते. त्यावर रक्ताचे डाग होते, थेट दारापर्यंत. मी तळवा उलटा केला. कुसळंच कुसळं रुतलेली, आणि मला पत्ताच नव्हता.

खिडकीशी बसून ह्यांनी सुईनं एकेक कुसळ काढलं. दुखत मला काहीच नव्हतं. तोंड हे वाकडं करत होते. शेवटचं निघालं तेव्हा मी म्हणाले, "अहो, उद्यापासून तुम्हीच न्या मला."

"असं कसं, जमेल तुला," असं एकदा तरी म्हणतील, अशी वेडी आशा होती.

हे "बरं" म्हणाले.