दोरीचं दुसरं टोक

सुरुवातीच्या कमानीखाली उभं राहिल्यावर वहिनीच्या पोटात गोळा आला, तो शर्यतीचा नव्हता. शर्यतीचा गोळा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. गेली बारा वर्षं तो याच कमानीखाली यायचा आणि पहिल्या वळणापर्यंत आपोआप विरून जायचा. हा वेगळा होता. हा गेले दोन महिने तिच्यासोबत जेवत होता, झोपत होता, दुकानात शिलाई मशीनवर तिच्या शेजारी बसत होता.

तिच्या डाव्या मनगटात कापडी पट्टीचा एक फास होता आणि दुसरा नणंदेच्या उजव्या मनगटात. नणंदेला जन्मापासून दिसत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी एका रात्री जेवताना तिने जाहीर केलं, की तिला शहराची मॅरेथॉन पळायची आहे आणि शेजारी पळणारं डोळस माणूस हवं आहे. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. सख्ख्या भावाचे गुडघे तर त्याच क्षणी दुखायला लागले. बस पकडण्याव्यतिरिक्त आयुष्यात कधी न पळालेली वहिनी नुसती ती शांतता सहन न होऊन "मी येते" म्हणाली, आणि अडकली. पँटच्या कमरेला लावतात त्या जाड पट्टीचा तुकडा घेऊन तिने स्वतःच ही दोरी शिवली. सासरी आल्यावर ती नणंदेला "अहो वन्सं" म्हणायची. पळायला लागल्यावर दम पुरेना, तेव्हा "अहो" गळून पडलं आणि नुसतं "वन्सं" राहिलं.

काम साधं होतं. डोळ्यांना दिसेल ते तोंडाने सांगायचं. गतिरोधक, वळण, पाण्याचं टेबल, पुढचा माणूस थांबलाय. नणंद कायम डाव्या हाताला.

आणि नेमकी डावी बाजूच गेली होती.

आधी दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. मग एक गिऱ्हाईक दुकानात डावीकडे किती तरी वेळ उभं राहून शेवटी खाकरलं, तेव्हा वहिनी अशी दचकली की मापाची टेप हातातून पडली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेली आहे, उजव्यात सुरुवात आहे. गेलेली परत येत नाही. आहे ती सांभाळायची, थेंब चुकवायचे नाहीत. गाडी चालवता का, असं त्यांनी विचारलं. नाही, म्हणाली. पळण्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

त्या रात्री न्हाणीघरात तिने डोळे मिटून साबण शोधून पाहिला. हाताला ओली भिंत लागली, मग काहीच लागेना, आणि साबण सापडायच्या आत तिने घाबरून डोळे उघडले. खाली बसून तोंडात टॉवेल कोंबून रडली.

नवऱ्याला सांगायचं म्हणजे नणंदेला कळणार. आणि नणंदेला सांगायचं कुठल्या तोंडाने? जी बाई जन्मभर न बघता राहिली, ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत बसून लोकांचे खोकले आणि सुस्कारे कापून आवाज साफ करते, वर सगळ्या घराची टिंगल करते, तिला काय सांगायचं? की मला दिसेनासं होणार म्हणून माझी पाचावर धारण बसली आहे? म्हणजे तुझ्यासारखं व्हायची मला इतकी भीती वाटते, असंच झालं की ते. वहिनी मूग गिळून बसली. रस्ता तर पाठ आहे, असं तिने मनाला समजावलं. बारा वर्षं तोच रस्ता, तीच वळणं, तेच खड्डे. एवढं एक वर्ष निभावून नेऊ.

शिटी वाजली. नवऱ्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून नेहमीचा विनोद केला, "एका दोरीत आहात ते बरंय, हरवलात तर एकदम हरवाल!" नणंद हसली. वहिनीला हसू आलं नाही.

पहिला टप्पा तिने जीव मुठीत धरून काढला. दर चार पावलांनी कोंबडीसारखी मान डावीकडे वळवायची, नणंदेचे पाय बघायचे, पुन्हा समोर. बेकरीच्या कोपऱ्यावर नणंद म्हणाली, "आली वाटतं बेकरी, पाव भाजतायत." वहिनीने "हो" म्हटलं आणि तेवढ्यात डावीकडे बुटाची नाडी बांधायला वाकलेला एक माणूस अगदी शेवटच्या क्षणी नजरेच्या टप्प्यात आला. तिने दोरी जोरात ओढली. नणंद धडपडली, सावरली.

"काय होतं?"

"बाटली होती. कोणीतरी टाकलेली."

"बाटलीला एवढा हिसका? माझा हात काढून घेशील."

नणंद कान टवकारून पळायला लागली. वहिनीला ते कळलं. आता थांबावं, सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. बोगदा गेला की सांगू. बोगदा गेला. चढ संपला की सांगू. चढही संपला.

मोठ्या चौकानंतरचा रस्ता त्यांचा सगळ्यात आवडता. सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना झाडं. इथे दरवर्षी वहिनीची बडबड बंद व्हायची, कारण सांगण्यासारखं काही नसायचंच. या वर्षी तिथे कसलीशी खोदाई चालली होती आणि डाव्या कडेला लोखंडी अडथळे मांडले होते. अडथळे तिला लांबून दिसले होते. त्यातल्या एकाचा पाय रस्त्यात आला होता, तो दिसला नाही.

आवाज आला तो लोखंडाचा. मग दोरीला असा झटका बसला की वहिनीही गुडघ्यांवर आपटली. तिने मान वळवली. नणंद पालथी पडली होती, आणि भुवईतून रक्त येऊन डोळ्यात उतरत होतं.

"वन्सं! वन्सं, अगं बोल ना!"

"बोलतेय. आधी माझ्या हातावरचा गुडघा काढ."

प्रथमोपचाराच्या मुली धावत आल्या. त्यांनी दोघींना कडेला बसवलं, नणंदेची भुवई पुसून पट्टी लावली, उलटी होतेय का, चक्कर येतेय का विचारलं. जखम वरवरची आहे, वाटलं तर चालत जा, म्हणाल्या. वहिनी ती पट्टी बघत राहिली. दोन बोटं खाली लागलं असतं तर? डोकं दगडावर आपटलं असतं तर?

मुली गेल्यावर नणंद म्हणाली, "सकाळपासून तुझा श्वास धड नाहीये. मी दिवसभर लोकांचे श्वास ऐकते, मला शिकवू नकोस. काय लपवतेस?"

आणि वहिनीने सांगितलं. चौकटी, डॉक्टर, साबण, सगळं. सांगताना ती रडली नाही, फक्त फार भरभर बोलली.

नणंदेचा आवाज असा चढला, की बाजूने पळणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं.

"म्हणजे माझ्या बाजूचं तुला दिसत नाही, हे माहीत असून तू मला दोरीला बांधून पळवलंस?"

"रस्ता पाठ होता गं..."

"पाठ मलाही आहे! पाठांतरावर पळायचं असतं तर मी एकटी पळाले असते. तुझ्या डोळ्यांवर पळते मी. नाही दिसत तर नाही दिसत म्हण, मी कान उघडे ठेवते. खोटं कशाला सांगायचं? बाटली म्हणे!"

"तुला कसं सांगणार?" वहिनी म्हणाली. "तुला कसलीच भीती नाही. आणि मी... मला डोळे मिटून साबण सापडत नाही."

"मला भीती नाही?" नणंदेने तोंड तिच्याकडे वळवलं. "कोणी सांगितलं तुला? दरवर्षी कमानीखाली माझे पाय लटपटतात. दर पावलाला वाटतं, आता भिंत येणार, आता जमीन संपणार. शेवटपर्यंत वाटतं."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

"कधी बोलली नाहीस ते."

"बोलले असते तर तू आली असतीस दुसऱ्या वर्षी?"

वहिनीने विचारलं, "मग पळतेस कशाला?"

"घरी बसूनही वाटतेच भीती. इथे निदान कोणीतरी हाताला बांधलेलं असतं." नणंदेने दोरी चाचपली, उजव्या मनगटातला फास काढून डाव्यात घातला. "ऊठ. बाजू बदल."

बारा वर्षांत पहिल्यांदा नणंद उजवीकडे आली. वहिनीला आता ती मान न वळवता दिसत होती, भुवईवरच्या पट्टीसकट. पण डावीकडे मोकळा रस्ता होता आणि तिथे तिच्यासाठी काहीच नव्हतं. ना रंग, ना काळोख. नुसतं नव्हतं. त्या नसलेल्या जागेतून कोण येऊन आदळेल, या धास्तीने तिची डावी कूस आक्रसून गेली.

"डावीकडून कोणीतरी येतंय," नणंद म्हणाली. "एकच आहे, जड पावलांचा. जाऊ दे त्याला."

एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत पुढे निघून गेले.

"समोर गतिरोधक," वहिनी म्हणाली.

अशा त्या पुलाशी आल्या. बहुतेक सगळे पुढे गेले होते. पूल लांबलचक, सरळ, उजवीकडे कमरेएवढा कठडा. नणंदेने उजव्या हाताची बोटं कठड्यावर टेकवली.

"पुढे कोणी आहे?"

"नाही. दोघं दिसतायत, पण पार टोकाला."

"जमिनीवर काही?"

"काही नाही."

"मग डोळे मीट."

"वेड लागलंय का तुला?"

"कधीतरी मिटावे लागतील ना? मग पहिल्यांदा माझ्यासोबत मीट. तिथे न्हाणीघरात एकटीने काय शोधत बसलीस!"

वहिनीने मिटले. लगेच पायाखालचा पूल गेला असं तिला वाटलं. पाऊल खाली पोचायला फार वेळ लागत होता. छाती इतकी धडधडायला लागली की कानात दुसरं काही ऐकू येईना, आणि कपाळाच्या अगदी समोर, हातभरावर, काहीतरी उभं आहे अशी तिची खात्री झाली.

"भिंत आहे," ती म्हणाली. "वन्सं, समोर भिंत आहे!"

"नाहीये. मलाही रोज लागते ती. नसते."

दोरी ताणली गेली, आणि तिचा हात हलकेच पुढे ओढला गेला. इतकी वर्षं तिने दुसऱ्याला ओढलं होतं. ओढलं जाणं कसं असतं ते तिला ठाऊकच नव्हतं.

"उघडू का?"

"थोडं थांब," नणंद म्हणाली.

तिचाही हात थरथरत होता. दोरीतून ते स्पष्ट कळत होतं. वहिनीने डोळे मिटलेलेच ठेवले आणि पुढचं पाऊल टाकलं.