मिस्त्री कधी चुकत नाही

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. सोलापुरात अक्कलकोट रोडला पंचवीस वर्षं ट्रकचं गॅरेज चालवतोय. "मिस्त्री, तुमचं चुकलं असंल" असं कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं. म्हणून कुणी म्हणतच नाही. यशपाल मिस्त्रीनं आवाज ऐकून सांगितलं म्हणजे विषय संपला, असं ड्रायव्हर लोक एकमेकांत बोलतात, आणि ते ऐकायला मला लई गोड वाटायचं.

त्या सोमवारी सकाळी वेणीमाधवरावांची जुनी सहाचाकी गाडी दारात आली आणि आली तशी बंद पडली. वेणीमाधवराव ट्रान्सपोर्टवाले, टॉवेल-चादरींचा माल बाहेरगावी पाठवतात. गाडीवर नवा ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "रेस दिली की पळती मिस्त्री. पाय काढला की थडथडती, नि बंद. सिग्नलला मागचे नुसते हॉर्न मारत्यात."

हीच गाडी हीच तक्रार घेऊन तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडं आली होती, आणि तेव्हा मी एका माणसाला चोर ठरवून मोकळा झालो होतो.

तो माणूस बिरप्पा. मैंदर्गीचा. अकरा वर्षं ह्या एकाच गाडीवर होता, आणि सोबतीला क्लीनर म्हणून त्याच्या बायकोचा भाऊ, सिद्धलिंगप्पा. त्या दिवशी दोघंही समोर उभे होते, मालकही होते. मी टाकीतलं डिझेल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "ह्यात रॉकेल हाय. डिझेल कुणीतरी काढून विकलंय नि वर रॉकेल ओतलंय." आता खरं सांगतो, वास रॉकेलचाच होता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काहीतरी उग्र आलं आणि तोंडातून शब्द गेला. बिरप्पा हळूच म्हणाला, "मिस्त्री, अजून एकदा बघा की." झालं, मी भडकलो. "मला शिकवतो व्हय रं?" असं त्याच्या मालकासमोर त्याला विचारलं. मग टाकी धुतली, फिल्टर बदलला, गाडी झकास चालायला लागली. गाडी चालली म्हणजे माझंच बरोबर. त्याच आठवड्यात बिरप्पाला कामावरून काढलं.

आणि आता ही पुन्हा दारात. नवा ड्रायव्हर म्हणाला की डिझेल मालक स्वतः उभं राहून भरून घेतात, थेंब इकडचा तिकडं होत नाही. म्हणजे टाकीत खोट नव्हती.

मग मी बसलो. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप मारला, तर डिझेलबरोबर बुडबुडे. मारतोय, मारतोय, बुडबुडे काही थांबेनात. म्हणजे गाडी कुठून तरी हवा ओढत होती. ह्या दुखण्याची गंमत अशी की टाकीकडून पंपाकडं येणाऱ्या नळीत गळती असली तरी बाहेर ओल दिसत नाही. पंप ओढतोय ना, त्यामुळं डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोरात रेस असली की खपून जातं, हळू झाली की इंजिन गचके खातं नि मरतं. मी टाकीची नळी काढून पारदर्शक नळी लावली, डब्यातलं डिझेल दिलं. नळीत डिझेल स्वच्छ येत होतं, फिल्टरपाशी बुडबुडे तरी चालूच. आता उरला फक्त पंपाच्या तोंडाचा जोड.

त्या जोडाचा बोल्ट खोलायला घेतला. तो जोड दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला मीच खोलला होता. तिथं तांब्याचे दोन वायसर असतात, जोडातून हवा जाऊ नये म्हणून बसवायच्या चपट्या कड्या. नवीन नसले तर आम्ही जुनेच लालभडक तापवतो, पाण्यात टाकतो, काचकागदावर घासून सपाट करतो. तांबं मऊ पडतं आणि पुन्हा घट्ट बसतं. माझ्या उस्तादानं शिकवलेलं, त्यात काही वावगं नाही. पण त्या दिवशी मला मंगळवेढ्याला लग्नाला जायचं होतं, एसटी चुकत होती. एक वायसर तापवला. दुसरा तसाच बसवला, चालतंय की म्हणून. आता तोच हातात होता, कडक, एका बाजूनं चिरलेला. गेल्या वेळी फिल्टर बदलताना मी सगळे बोल्ट जरा आवळले असणार, त्यानं दोन-तीन आठवडे निभावलं असणार. रॉकेल कुठंच नव्हतं.

दोन्ही वायसर नवे टाकले. गाडी चालू केली, पाय काढला. इंजिन शांत, एका लयीत चालत राहिलं. पाव तास तसंच चालू ठेवलं, हललं नाही. नवा ड्रायव्हर खूश होऊन निघून गेला आणि दुपारी मालकांचा फोन आला. "वा मिस्त्री. बघा, माणूस बदलला आणि गाडीसुद्धा सुधारली. तुम्ही चोर पकडून दिलात म्हणून बरं झालं."

मी म्हणालो, "हो साहेब."

दोन शब्द. मला ते परत घेता आले असते, फोन चालूच होता. पण मी घेतले नाहीत. आधी माझी चूक होती. आता मी दुरुस्त केलेली गाडीच बिरप्पाच्या विरुद्ध साक्ष देत फिरणार होती, आणि हे मला ठाऊक असून मी "हो साहेब" म्हणालो होतो. मला स्वतःची किळस आली.

जेवायला घरी गेलो. आमची शालन म्हणाली, "काय झालंय? भाकरीकडं काय बघत बसलाय?" मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "रेशनला रॉकेल मिळंना होऊन किती वर्षं झाली. त्या बिचाऱ्यानं आणलं कुठनं, एवढं तरी कुणी इचारलं का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग हितं का बसलाय?"

तिथंच ताटावरून मालकांना फोन लावला आणि सांगितलं. चूक माझी, वायसर माझा, बिरप्पाचा काही संबंध नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण मिस्त्री, त्यानं तर कबूल केलं. जाताना माझ्या पाया पडला. म्हणाला, मेहुण्यानं केलं असणार, मला माफ करा." मला काही कळेना. जे झालंच नाही ते कबूल कसं केलं? मालक म्हणाले, "त्याला परत यायला सांगा." तेवढं तरी माझ्या पदरात पडलं.

मैंदर्गीला पोचलो तेव्हा चार वाजले होते. बिरप्पा घरीच होता, ओट्यावर बसला होता. त्याची बायको काशम्मा हिनं पाणी दिलं. ती नवऱ्याशी बोलत नव्हती, हे दोन मिनिटांत ध्यानात आलं. बिरप्पा कानडीत काहीतरी म्हणाला, ती न बोलता आत गेली आणि चहा घेऊन आली.

मी चहाला हात लावला नाही. आधी बोललो. वायसर, एसटी, लग्न, सगळं. म्हणालो, "बिरप्पा, चोरी झालीच नव्हती. मी सगळ्यांसमोर तुझं नाव घालवलं. मालकांना सांगून आलोय, ते बोलावत्यात तुला. मला माफ कर." मला वाटलं, तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रॉकेल नव्हतंच?" त्यानं विचारलं.

"नव्हतं."

तो जमिनीकडं बघत बसला. मग म्हणाला, "मी मिसळलं न्हाय, हे मला म्हाईत होतं. तुमी चुकणार न्हाय, हे बी म्हाईत होतं. मग गाडीवर दुसरा कोण उरला, मिस्त्री?"

काशम्मा दारात उभी होती. "माझ्या भावाला ह्या ओट्यावरनं हाकललं ह्यांनी," ती म्हणाली. "आईबाप न्हाईत त्याला. सात वर्षांचा असल्यापासनं माझ्या हाताखाली वाढलेला. आता कुर्डुवाडीला हमाली करतोय. हिकडं फोन बी करत न्हाय." तिनं आपला फोन काढला, नंबर लावला आणि नवऱ्यापुढं धरला. बिरप्पाचा हात वर येईना. घंटी वाजत होती. माझ्या एका शब्दानं काय काय मोडलंय ते मी तिथं बसून बघत होतो. शेवटी मीच फोन घेतला.

पलीकडून सिद्धलिंगप्पा म्हणाला, "अक्का?"

"मी यशपाल मिस्त्री बोलतोय. तुझ्या अक्काच्या घरी आलोय. ऐक, गाडीत रॉकेल नव्हतं. माझीच चूक होती. तू काय केलं न्हाईस. तुझ्या दाजींना सांगितलंय मी सगळं."

मागं रेल्वेच्या मालाची चढउतार चालू असावी, माणसांचे आवाज येत होते.

"दाजींना पटलं?" त्यानं विचारलं.

"पटलं की. पटलं."

"अक्काच्या डोक्यावर हात ठेवून मी तेच सांगितलं हुतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तवा न्हाय पटलं. आज तुमी सांगितलं नि लगीच पटलं. व्हय ना?"

बिरप्पाला सगळं ऐकू जात होतं. काशम्मालाही. मी म्हणालो, "व्हय."

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.