पाचातले दोन

कोरिनने गाडी उजवीकडे वळवली आणि समोर पुन्हा तोच निळा पेट्रोल पंप आला. मघाशीही ती याच पंपापुढे येऊन पोचली होती. ज्या गावात चार वर्षं काढली, ज्या रस्त्यावर पहाटे धावून धावून बुटांचे तळवे झिजवले, त्या रस्त्यावर तिला कॉलेज सापडेना! शेवटी तिने फोनला विचारलं. फोन म्हणाला, पुढचं डावं वळण. कुणी पाहिलं नाही हे नशीब, असं तिला वाटलं आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली.

मैदानावर पोचली तेव्हा फुटबॉलचा सामना सुरू झाला होता. ऑक्टोबरातला हा शनिवार जुन्या खेळाडूंचा. त्यांनी जुन्या जर्सी घालून बाकामागे उभं राहायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि मध्यंतरात मैदानातल्या पोरींना संत्री सोलून द्यायची, अशी इथली रीत. कोच लुबेकबाईंनी लांबूनच हात केला.

"आलं गं बाई आमचं छप्पर! आता कोसळू दे काय कोसळायचं ते."

सगळ्याजणी खिदळल्या. कोरिनही हसली. छप्पर हे तिचं कॉलेजातलं नाव. बचावफळीच्या मधोमध ती उभी असायची आणि वरून येणारा प्रत्येक चेंडू तिच्या डोक्याचा. गोलरक्षक पोरगी म्हणायची, कोरिन असली की मी हात खिशात घालून उभी राहीन. विस्कॉन्सिनमधल्या त्या छोट्याशा कॉलेजात तिच्यासारखी बचावपटू पुन्हा झाली नाही, असं लुबेकबाई अजून सांगत. पुढे एका व्यावसायिक संघाने तिला चाचणीसाठी बोलावलं, उन्हाळाभर ठेवून घेतलं आणि पाय हळू पडतात म्हणून घरी पाठवलं. ती रडली, सावरली आणि विमा कंपनीत लागली. सगळ्याच कुठे खेळाडू म्हणून म्हाताऱ्या होतात?

पण यंदा साहेबांनी तिला फोनवर बोलायच्या कामावरून काढून मागच्या खोलीत बसवलं होतं. एकाच गिऱ्हाइकाला ती एकाच संभाषणात दोनदा नाव विचारू लागली होती. शेगडीवर ठेवलेलं सूप तळाला लागून घरभर धूर झाला, तेव्हा खिडक्या उघडून ती बराच वेळ नुसती उभी होती. यातलं काहीच तिने घरी सांगितलं नव्हतं.

आज ती आली होती बेकासाठी. बेका म्हणजे तिची धाकटी बहीण, पहिल्याच वर्षाला. तिच्याच जुन्या जागी, तिचाच चार नंबर पाठीवर घालून खेळत होती. आणि बेकाने ऑगस्टमध्ये दोन गिळले होते.

दोन गिळणं इथल्या पोरींनाच कळे. हंगाम सुरू होण्याआधी संघाचा फिजिओ, हल्ली ड्वेन, एकेकीला बसवून पाच शब्द ऐकवतो, थोडा वेळ जाऊ देतो आणि परत म्हणायला सांगतो. किती आठवले ते तो लक्षात ठेवतो. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा पाच शब्द. पहिल्यापेक्षा कमी आठवले तर बाई बाकावर, कधी महिनाभर. म्हणून चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या पोरी नव्यांना कपडे धुण्याच्या खोलीत जमवायच्या आणि शिकवायच्या: पाच आठवले तरी तीनच सांगा, दोन गिळा. पहिल्या दिवशी मठ्ठ व्हा, म्हणजे पुढे कुणी तुम्हाला मठ्ठ म्हणणार नाही. कोरिनइतकं झकास हे कुणी शिकवत नसे. ती धुलाईयंत्रावर चढून बसायची, आठवत नसल्याचा असा काही चेहरा करायची की पोरी हसून लोळायच्या. त्या चेहऱ्याच्या जोरावर ती स्वतः चार वर्षांत एकदाही बाकावर बसली नव्हती.

मध्यंतरात तिने बेकाला संत्र्याच्या फोडी देत बाजूला ओढलं.

"ड्वेनला जाऊन खरं सांग. चाचणी पुन्हा दे."

"आता? डोकं फिरलंय का तुझं?" बेकाच्या हनुवटीवरून रस ओघळत होता. "गेल्या आठवड्यात कुठे मला जागा मिळालीये. आणि हे कोण सांगतंय? तूच ना ती, यंत्रावर बसून शाळा घेणारी!"

"म्हणूनच सांगतेय."

"तुला काय झालंय? धडधाकट तर आहेस."

कोरिनच्या ओठांवर आलं होतं सगळं. पेट्रोल पंप, सूप, मागची खोली. पण शिट्टी वाजली आणि बेका तिच्या हातात सालं कोंबून पळाली. ती सालं कुठे टाकायची हेही तिला पटकन सुचेना.

पाहुण्या संघाला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला आणि बेका त्याच्याखाली जाऊन उडाली, अगदी कोरिनसारखी. त्यांची एक धिप्पाड पोरगीही उडाली. दोन डोकी एकमेकांवर आदळल्याचा आवाज बाकापर्यंत आला. ती दुसरी कपाळ धरून कण्हत पडली. बेका मात्र झटक्यात उठली, अंगठा वर केला आणि हसली. कोरिनला ते हसू अजिबात आवडलं नाही. मार लागला की सगळ्यांत आधी हसायचं, हेही तिनेच शिकवलेलं.

ड्वेनने बेकाला बाकावर आणून बसवलं. बिचारा नवखा होता, पण कामात चोख.

"ऐक हं. छत्री. मीठ. घोडा. खिडकी. बटाटा."

कोरिन अगदी मागे उभी होती. बेका कुठले दोन गिळते ते पाहायचं म्हणून तिने कान टवकारून एकेक शब्द ऐकला. ड्वेनने मग बेकाला एका पायावर उभं केलं, महिने उलटे म्हणायला लावले, डोळ्यांपुढे बोट फिरवलं. सगळं ठीक.

"आता मघाचे शब्द?"

"छत्री," बेका म्हणाली. जरा थांबली, कपाळाला आठी घातली. "घोडा. आणि... बटाटा."

चेहरा तंतोतंत तोच, धुलाईयंत्रावरचा. मागच्या जुन्या पोरींनी एकमेकींना कोपरं मारली.

"तीन. ऑगस्टमध्येही तीनच होते," ड्वेन म्हणाला. "पाणी पी. मी कोचना सांगतो, खेळायला हरकत नाही."

तो वळला. कोरिन पुढे आली, बेकापुढे गुडघे टेकून बसली आणि तिच्या बुटाची सुटलेली नाडी हातात घेतली.

"झकास जमलं," ती हळूच म्हणाली. "आता उरलेले दोन माझ्या कानात सांग."

बेका खाली वाकली. तिच्या श्वासाला संत्र्याचा वास येत होता. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"थांब," ती म्हणाली. "मी दोन बाजूला ठेवणार होते. ठेवलेही. पण..." ती कसनुसं हसली. "आता कुठले ते सापडत नाहीयेत. तू होतीस ना इथेच? तू सांग, म्हणजे आठवतील."

सांगायचं काय, इतकं सोपं! कोरिनने मान वर केली. छत्री, घोडा, बटाटा. हे तर बेकानेच आत्ता म्हटलेले. त्यांच्या मध्ये आणखी काहीतरी होतं. ड्वेनचे ओठ हललेले तिला दिसत होते, आवाज आठवत होता, शब्द नव्हते. ती शोधत राहिली. बेका तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"कोरिन, नाटक पुरे. सांग ना."

बेकाचं हसू हळूहळू मावळलं.

"कोरिन?"

"बेका, चल, आत!" लुबेकबाई ओरडल्या. "छप्परबाई, सोडा आमच्या पोरीला!"

बेका उठायला गेली. कोरिनने नाडीला बोटांभोवती वेढा दिला आणि घट्ट धरून ठेवली.

"ड्वेन," तिने हाक मारली. आवाज इतका मोठा निघाला की बाकावरच्या सगळ्या वळल्या. "इकडे ये. पुन्हा पाच शब्द विचार."

"तिला?"

"आधी मला," कोरिन म्हणाली. "मग तिला."