टेर्नाला पाजलेलं तेल

टेर्ना, बाबांची मासेमारीची बोट, दिसायच्या आधी ऐकू यायची. दोन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, आजोबांनी बसवलेलं. ठुक, ठुक, मध्ये जरासं अडखळणं, मग पुन्हा ठुक. हेस्टनेसच्या टोकाला वळसा घालून बाबा खाडीत शिरले की तो आवाज आमच्या स्वयंपाकघराच्या काचेपर्यंत पोचायचा, आणि आई हातातलं काम टाकून बटाट्यांचं पातेलं चढवायची. बाबा हात धुऊन टेबलाशी येत तेव्हा बटाटे शिजून वाफाळत असायचे. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्या वेळी कुणी बघायचं नाही.

मी बंदरावरच्या दुकानात काम करते. दोर, गळ, रबरी हातमोजे, आणि इंजिनाचं तेल. तेलाचा कप्पा माझा. त्यासाठी तेलवाल्यांनी मला दोन दिवस शहरात शिकायला पाठवलं होतं. परत आले ती प्रमाणपत्र घेऊन, आणि ते गल्ल्यामागे चिकटवूनही टाकलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी कॉफीचा थर्मास असतो आणि त्याभोवती निम्मे निवृत्त, निम्मे न झालेले कोळी असतात. त्यांत हार्टविग, बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त.

“हळू बोला रे,” तो म्हणायचा, “मास्तरीणबाई आल्यात. तेलाचा तास सुरू होईल.”

मी हसायचे, पण काम चोख करायचे. गिऱ्हाइकाला पाच प्रश्न विचारल्याशिवाय डबा हातात द्यायचा नाही, असं शिकवलं होतं. इंजिन किती जुनं? ओझं किती ओढतं? थंडीत कुठे उभं असतं? वर्षाला किती तास चालतं? आणि पाचवा, आजवर त्याने कुठलं तेल प्यायलंय?

हे पाच प्रश्न मी अख्ख्या किनाऱ्याला विचारले. बाबांना विचारले नाहीत. घरच्या माणसाचं आपल्याला सगळं ठाऊक असतं, असं आपण धरूनच चालतो.

कॉड मासळीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात बाबांना अडुसष्ट पूर्ण झाली. मला सहावा महिना होता. दुकानातलं सगळ्यात भारी तेल, पूर्ण सिंथेटिक, दोन मोठे डबे घेऊन मी घरचा चढ चढले आणि ते केकशेजारी टेबलावर ठेवले.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबा डोळ्यांजवळ नेला आणि मागची बारीक अक्षरं वाचत बसले. बराच वेळ.

“हिला साधं तीस नंबर लागतं गं,” शेवटी ते म्हणाले. “सवय आहे तिला.”

“सवय काय, बाबा! तुझ्या त्या पिंपातलं तेल आता म्युझियमवालेसुद्धा घेणार नाहीत.”

“म्हातारीला रोजची पेज बरी. एकदम पक्वान्न वाढलं तर पोट बिघडायचं.”

“हे हार्टविग बोलतोय, तू नाही. सगळ्या किनाऱ्याला कुठलं तेल घालायचं ते मी सांगते, आणि घरात माझी किंमत शून्य!” मी खरंच चिडले होते. त्या दिवसांत मला रडूही पटकन यायचं.

“एडविन,” आई म्हणाली, “पोरीने प्रेमाने आणलंय.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, चष्म्याची घडी केली आणि म्हणाले, “बरं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनं तेल काढून नवं भरलं. इंजिनाशेजारच्या फळीवर पेन्सिलीने तारीख लिहिली. त्या फळीवर गेल्या चाळीस वर्षांतल्या प्रत्येक तेलबदलाची तारीख होती, एकाखाली एक.

दोन आठवडे टेर्ना छान चालली. तिसऱ्या आठवड्यात बाबांनी जेवता जेवता खिशातून एक चिंधी काढून माझ्यापुढे धरली. तेल मोजायच्या पट्टीवरून पुसलेला डाग होता, डांबरासारखा.

“इतक्यात इतकं काळं कधी होत नाही. बदलू का?”

“छे! तेल काम करतंय म्हणून काळं झालंय. डब्यावर चारशे तास लिहिलेत. एवढं भारी तेल फेकून द्यायचं?”

“नाही म्हणजे, विचारलं आपलं.” त्यांनी चिंधी खिशात ठेवली.

तेल काम करत होतं, हे खरंच होतं. तेच तर चुकलं. साधं तेल धूत नाही. केटलीच्या तळाला क्षार बसतात तशी इंजिनाच्या आत काजळी बसत जाते, वर्षानुवर्षं, कुणाला त्रास न देता. नव्या तेलात धुणारं द्रव्य असतं. ते ही सगळी काजळी सोडवतं, आणि सुटलेला गाळ तळाच्या जाळीवर येऊन बसतो. म्हणून जुन्या इंजिनाला असं तेल द्यायचंच असेल तर थोड्या तासांनी काढायचं, जाळी धुवायची, पुन्हा भरायचं, पुन्हा काढायचं. शहरात हे सांगितलं होतं. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पाचवा प्रश्न त्यासाठीच तर होता.

मार्चच्या मध्यावर, मासळी ऐन भरात असताना, दुपारी टोकाकडून आवाज आला. तो हार्टविगच्या बोटीचा होता. मागे दोरावर टेर्ना, मुकी. आई पातेलं हातात धरून खिडकीशी उभी होती. तिने ते चढवलं नाही.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. जाळी काळ्या चिखलाने गच्च भरली होती. तेल वर चढलंच नव्हतं. बेअरिंगं जळाली होती, क्रँकचा दांडा खरवडला गेला होता, आणि तसला दांडा आता कुठे बनत नाही.

दोन दिवसांनी बाबा दुकानात आले आणि कॉफीच्या टेबलाशी बसले. मी हातमोजे मांडत होते.

“एडविन,” हार्टविगने विचारलं, “तेल कुठलं होतं रे?”

“नेहमीचंच,” बाबा म्हणाले.



“मग बदललं नव्हतंस?”

“राहून गेलं.”

आमच्याकडे बोट खडकावर घातलेल्या माणसाला माफी आहे. प्रवाह होता, धुकं होतं, चार लोक बाजू घेतात. तेल न बदलणाऱ्याची बाजू कुणी घेत नाही. हार्टविग कप गोल गोल फिरवत राहिला. “तुझ्याकडून काही राहून गेलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी पाठमोरीच राहिले. हातात डाव्या हाताचे बारा मोजे होते. ते मी पुन्हा पुन्हा मोजले.

एप्रिलमध्ये माझी लेक ऊने जन्मली. मेमध्ये टेर्ना दक्षिणेकडच्या एका माणसाने नेली, नवं इंजिन बसवून उन्हाळ्यात हिंडायला. बाबा निरोप द्यायला धक्क्यावर गेले नाहीत. माझ्या घरी येऊन त्यांनी ऊनेला मांडीवर घेतलं आणि ती झोपल्यावरही तासभर खाली ठेवलं नाही. तेव्हा मी बोलायला हवं होतं. बाळ उठेल, हे एक निमित्त मिळालं. पुढे वर्षभर अशी निमित्तं मला मिळतच गेली.

बाळंतपणाची वर्षभराची रजा संपवून कामावर परतले त्या आठवड्यात पलीकडच्या बेटावरची एक बाई आली. वडिलांची बोट आता ती चालवणार होती. “तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं तेल द्या,” ती म्हणाली. “जुनी आहे बिचारी, लाड करते जरा.”

मी डबा काढला, आणि परत ठेवला.

“आजवर कुठलं तेल प्यायलीय ती?”

“साधं तीस नंबर. का?”

“मग तिला तेच पाजा. सगळ्यात चांगलं आणि तिच्यासाठी योग्य, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” आणि मग मी टेबलापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, “हे भारी तेल मी माझ्या वडिलांच्या इंजिनात घालायला लावलं. ते काळं झालंय म्हणत होते, तरी बदलू दिलं नाही. टेर्ना माझ्यामुळे बंद पडली.”

बाईने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  थर्मासपाशी बसलेला हार्टविग उठला, त्याने टोपी घातली. दाराशी थांबून म्हणाला, “वर्षभर मी त्याच्याशी इंजिनाबद्दल एक शब्द बोललो नाही, मास्तरीण. म्हटलं, ह्याला काय कळतंय.” आणि तो आई-बाबांच्या घराच्या चढाला लागला.

मी ऊनेला घेऊन पोचले तेव्हा हार्टविग जाऊन आला होता. टेबलावर दोन कप होते. बाबा रागावलेले होते.

“कशाला बोललीस? आळशी ठरलो होतो ते परवडलं. आता म्हणतील, डब्यामागची जुन्या इंजिनांसाठीची सूचना वाचूनसुद्धा ओतलं!”

“वाचलं होतंस?”

“वाचता येतं मला.”

“मग ओतलंस का, बाबा?”

त्यांनी ऊनेला माझ्याकडून घेतलं. “तसलं पोट घेऊन दोन डबे तू चढावरून वाहून आणले होतेस,” ते म्हणाले. “मी ‘बरं’ म्हणायला नको होतं. आणि तू विचारायला हवं होतंस.”

एवढंच. माफ केलं म्हणाले नाहीत, मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती, हे आज लिहिताना कळतंय.

ऊने कुरकुरायला लागली. तिला मांडीवर सावरत बाबांनी एक हात टेबलावर ठेवला आणि बोटाच्या पेराने लाकडावर ठोका धरला. ठुक, ठुक, जरासं अडखळणं, मग पुन्हा ठुक. ऊने गप्प झाली आणि त्यांच्या बोटाकडे टक लावून बघायला लागली.

आई आमच्याकडे पाठ करून विणत बसली होती. तिने विणकाम बाजूला ठेवलं, उठली, आणि बटाट्यांच्या पातेल्यात पाणी घेऊन ते शेगडीवर चढवलं. मग हात तसाच झाकणावर ठेवून ती थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

बाबांचा ठोका चुकला नाही.