आतले टाके

मी एक जुना नीडल होल्डर आहे, आणि मला राग आलेला आहे.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं तर कात्री समजाल. पण मला धार नाही. ऑपरेशनच्या वेळी सर्जन वाकडी सुई बोटांत धरत नाहीत, माझ्या जबड्यात धरतात. मी पोलादाचा आहे. कारखान्यात मला भट्टीत तापवलं, घासून गुळगुळीत केलं आणि जबड्यात आतून बारीक खाचा पाडल्या. सुई घट्ट धरायची, एवढंच माझं काम. ते मी एकवीस वर्षं केलं.

त्यातली बरीच वर्षं मी मोठ्या बाईंच्या हातात होतो. त्या ह्या रुग्णालयातल्या सगळ्यात ज्येष्ठ सर्जन. ऑपरेशनसाठी उघडलेलं पोट नंतर नीट मिटवावं लागतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कातडीखाली चरबी असते आणि चरबीखाली एक पांढरा, चिवट पडदा. तुम्ही हसता, शिंकता, जड दप्तर उचलता, तेव्हा आतडी जागच्या जागी राहतात ती ह्या पडद्याच्या जिवावर. बाई त्याच्या कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर टाका घ्यायच्या, पुढचा टाका आणखी अर्ध्या सेंटीमीटरवर. असे चाळीस-पन्नास. कापाच्या लांबीच्या निदान चौपट दोरा आत गेला पाहिजे, हा त्यांचा नियम. थिएटरच्या सिस्टर उरलेला दोरा पट्टीवर मोजून कागदावर लिहायच्या.

"आवळू नका," बाई शिकणाऱ्यांना सांगायच्या. "कडा एकमेकींना नुसत्या भेटवा. गळा आवळलात तर मांस मरतं."

मग बाईंकडे दुसरा विभाग आला आणि मी दुसऱ्या एका सर्जनच्या हाती गेलो. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. साहेबांचा हात वेगवान. लोक त्याचं कौतुक करायचे, मीही केलं. त्याची मला आज लाज वाटते.

एका दुपारी टेबलावर पाळणाघर चालवणाऱ्या एक ताई आल्या. आतड्याला पीळ पडला होता. भूल द्यायच्या आधी त्या सिस्टरना म्हणाल्या, "मला लवकर उभं करा हं. बारा पोरं आहेत मला, आणि त्यातलं एकही माझं नाही."

साहेबांनी पीळ छान सोडवला, ते मी नाकारत नाही. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चारला माझं भाषण आहे. चला, मिटवून टाकू."

वीस सेंटीमीटरचा काप, आणि त्यांनी टाके घेतले चौदा. बोट-बोटभर अंतर सोडून, कचाकच आवळून.

"साहेब, दोरा अर्ध्याहून जास्त उरलाय," सिस्टर म्हणाल्या.

"मग वाचला की."

वरची कातडी मात्र त्यांनी इतकी सुबक शिवली की पाहणाऱ्याने वाहवा करावी. माझ्या जबड्यात सुई होती आणि मी काहीही करू शकत नव्हतो.

आठव्या दिवशी मी पुन्हा त्याच पोटावर आलो. सकाळी ताईंना खोकल्याची उबळ आली, पट्टी गुलाबी पाण्याने भिजली आणि जखम उसवली. ह्या खेपेला मोठ्या बाईंना बोलावलं होतं. साहेब समोर उभे होते.

"हा चिमटा जुना झालाय," साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "ह्याच्या जबड्यात दोरा चेंगरला असणार. तिथेच तुटला."

बाईंनी आतला दोरा हळूहळू सोडवला आणि ताटलीत ठेवला.

"दोरा अखंड आहे," त्या म्हणाल्या. "गाठीही शाबूत आहेत. फाटलंय ते माणूस."

साबण तारेने कापावा तसा त्या आवळलेल्या दोऱ्याने पडदा कापत नेला होता. बाईंनी तो पुन्हा शिवला, बारीक टाक्यांनी, घाई न करता. ताई वाचल्या. पण जखम का उसवली, त्याचा फॉर्म साहेबांनी आधीच भरून दिला होता: 'उपकरणात दोष'. खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मला थिएटरमधून काढून ड्रेसिंगच्या खोलीत टाकलं. तिथे माझा उपयोग बाटलीचं बूच पकडायला.

दीड महिन्याने ताई त्याच खोलीत जखम दाखवायला आल्या. अर्ध्या झाल्या होत्या. थिएटरच्या सिस्टर त्यांना धरून घेऊन आल्या होत्या. साहेबांनी जखम तपासली.

"छान भरलीय. खोकल्याने होतं कधी कधी असं."

"खोकला सगळ्यांनाच येतो, डॉक्टर," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे मूल पडलं तर संध्याकाळी त्याच्या आईला मी सांगते, माझं लक्ष नव्हतं. जीभ रेटत नाही, तरी सांगते. तेवढंच ऐकायला आले मी."

साहेबांनी हातातली फाईल मिटली.

"घाई केली मी," ते म्हणाले.

"बरं," ताई म्हणाल्या. त्यांनी माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. पोटाला हात लावून त्या हळूच टेबलावरून उतरल्या. आणखी कितीतरी महिने कोणतंही मूल कडेवर घ्यायचं नाही, असं त्यांना बजावलं होतं.

त्या गेल्यावर सिस्टरनी तो फॉर्म साहेबांपुढे ठेवला. "मग हेही खोडा."

त्यांनी खोडलं आणि खाली सही केली.

माझा राग तेवढ्याने गेलेला नाही. मित्रांनो, तुमच्यातलं कोणी सर्जन होईल, कोणी भिंती बांधेल, कोणी वायरी जोडेल. प्रत्येक कामात एक थर असा असतो, जो वरून झाकला की कोणालाच दिसत नाही. तिथे घाई करू नका. केलीच, तर निर्जीव वस्तूवर ढकलू नका. तिला उलट बोलता येत नाही.

मला आता धुऊन, वाफेत तापवून पुन्हा थिएटरच्या पेटीत ठेवलं आहे. उद्या सकाळी कोणाचं तरी पोट शिवायचं आहे. माझी पकड अजून पक्की आहे. हात कोणाचा असेल, ते मला विचारून ठरत नाही.