शेळीचा चौथा पाय

आमची चिप एका चहापेक्षा स्वस्त झाली, त्याच आठवड्यात समोरच्यांनी त्यांची अर्ध्या चहाला विकायला काढली. समोरचे म्हणजे दुसरी कंपनी. वॉशिंग मशीनच्या, लिफ्टच्या, खेळण्यांच्या पोटात बसणारी साधी चिप आम्हीही बनवतो आणि तेही. तीन वर्षं हेच चाललं होतं. आम्ही भाव उतरवला की ते उतरवणार, त्यांनी उतरवला की आम्ही. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. इथे तिसरा म्हणजे वॉशिंग मशीनवाला.

आमच्याकडे चिपचा नकाशा मी आखते. समोरच्यांकडे आखतो माझा सख्खा मोठा भाऊ.

आधी दादा आमच्याकडेच होता, माझ्या शेजारच्या टेबलावर. भाव पडायला लागले तशी त्याने तिकडे उडी मारली. मी त्याला भरल्या ताटावर घरभेदी म्हटलं, त्याने मला बुडत्या बोटीची राणी म्हटलं, आणि तिथून जो अबोला सुरू झाला तो तीन वर्षं. फोन तो आईला करतो. आई मुद्दाम स्पीकर लावून भाजी निवडत बसते, मी मुद्दाम मिक्सर लावते. मध्येच मिक्सर बंद करून कान देते. त्याने एकदा तरी माझं विचारावं, एवढंच मला हवं असायचं. आईच्या गुडघ्यांचं विचारायचा, गळक्या नळाचं विचारायचा. माझं नाही.

तर, अर्ध्या चहाचा भाव ऐकून आमचे साहेब हादरले. त्यांना सगळे कात्री म्हणतात, कारण दिसेल ते कापतात. "परवडतं कसं यांना?" ते म्हणाले. "फोडा त्यांची चिप."

यात लाजण्यासारखं काही नाही. बाजारातून दुसऱ्याची चिप आणायची, अ‍ॅसिडने तिचं कवच विरघळवायचं आणि मायक्रोस्कोपखाली धरायची, हे सगळेच करतात. आमच्याकडे त्यांची मी बघते, त्यांच्याकडे आमची दादा बघतो.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी कवच उतरवून चिप माझ्या हातात दिली. करंगळीच्या नखाच्या चतुर्थांशाएवढी. मी भिंगाला डोळा लावला आणि बघतच राहिले.

चिपा एका गोल चकतीवर छापतात आणि मग कापतात, एका कापडातून रुमाल कापावेत तशा. रुमाल जितका लहान तितके जास्त निघतात, आणि तितका भाव खाली. एवढं साधं गणित. पण दादाने ते जे सोडवलं होतं! आम्ही घाबरून दोन तारांमध्ये अंतर ठेवतो तिथे त्याने तिसरी तार नेली होती. माहिती साठवायचा चौकोन आडवा करून तारांच्या वळणाच्या कुशीत बसवला होता. हे असं बसू शकतं हे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. एक रेघ फुकट नाही, एक वळण उगाच नाही, हजारो सोनेरी वाटा एकमेकींना न शिवता आपापल्या घरी पोचत होत्या. खरं तर मला राग यायला हवा होता. मला हात जोडावेसे वाटले.

मुंगीला शिरायला जागा नव्हती त्या चिपमध्ये. आणि तरी खालच्या कोपऱ्यात थोडी जागा चक्क मोकळी सोडलेली, आणि तिच्यात एक वाकडी आकृती. कुठल्याच तारेला न जोडलेली.

कात्री दोन इंजिनिअर घेऊन आले. पडद्यावर ती आकृती पाहून एक म्हणाला, "उष्णता बाहेर काढायची युक्ती असणार." दुसरा म्हणाला, "छपाई तपासायची खूण."

"काहीही असो," कात्री म्हणाले. "इतक्या कंजूष माणसाने जागा सोडलीय म्हणजे त्यात पैसा वाचतोय. आपणही घालू."

मी भिंग आणखी जवळ आणलं. खाली दुभंगलेला खूर होता आणि खुराच्या वर तीन केस.

लहानपणी मी आमच्या खोलीच्या भिंतीवर शेळी काढली होती, तोंडापासून सुरुवात करून. मागच्या बाजूला पोचते तो दाराची चौकट आली आणि शेळी तीन पायांचीच राहिली. प्रत्येक खुरावर तीन केस मात्र न विसरता काढले होते. दादा जन्मभर चिडवत आला, "चौथ्या पायाला जागा नाही मिळाली वाटतं!" आमच्या धंद्यात चिपच्या रिकाम्या कोपऱ्यात काहीतरी रेखाटून ठेवायचा जुना वात्रटपणा आहे. मी दर चिपमध्ये तीच तीन पायांची शेळी ठेवत आले. गेल्याच आठवड्यात कात्रींनी ती काढून टाकायला सांगितली होती. "शेळीचं भाडं कोण भरणार?"

"साहेब," मी म्हटलं, "तो शेळीचा पाय आहे."

मी आमची चिप शेजारच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. कात्रींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पुन्हा इकडे पाहिलं.

"उपयोग काय याचा?"

"काही नाही."

"आणि समोरची चिप फोडल्याशिवाय हा कोणाला दिसणारही नाही?"

"नाही. आणि फोडते मीच. हे त्याला माहीत आहे."

ते पुन्हा वाकले. बराच वेळ वाकून राहिले. "बाप रे," ते हळूच म्हणाले. "एवढ्या अडचणीत जागा केली याने. तुमच्यासाठी!"

मला रडूच फुटलं. इंजिनिअर छताकडे बघायला लागले. कात्री दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आपली शेळी राहू द्या. फक्त जरा बारीक करा."

घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा न काढता आईचा फोन उचलला आणि दादाला लावला.

"हं, आई, बोल."

"गुडघा उलटा वळलाय," मी म्हटलं. "मला मागचा पाय हवा होता. तू पुढचा पाठवलास."

पलीकडून त्याचं ते नाकातल्या नाकात हसणं, आणि हसता हसता नाक ओढणं.

"पुढच्या चिपमध्ये बदलून देतो," तो म्हणाला. "पण आणखी लहान करायला सांगितलीय. जागा होते की नाही, बघतो."

"तू करशील. मी पाहिलंय आज. दादा, कसं रे आखलंस ते?"

तो पुन्हा नाक ओढायला लागला. आई भाजीची सुरी तशीच हातात धरून दारात येऊन उभी राहिली होती.

"आईला देऊ फोन?" मी विचारलं.

"नको," दादा म्हणाला. "तूच बोल."